बारा तासांच्या बॅटरीवर पेण-रोहा

परत येऊन तीन आठवडे झाले तरी अंग अजून आंबलेलंच आहे. शेजारच्या बाई रोज विचारतात, "काय काय पाहिलंत मग कोकणात?" खरं उत्तर द्यायचं तर मी सॉकेट पाहिले. तीन पिनांचे, दोन पिनांचे, भिंतीतून निम्मे बाहेर लोंबणारे, आणि कासूजवळच्या एका चहाच्या टपरीवर तर लाकडी फळीला खिळ्यांनी ठोकलेला. गावाला गेलं की लोक आधी देऊळ शोधतात, मासे शोधतात, गार पाणी शोधतात. आम्ही कुणाच्याही उंबऱ्यातून आत पाऊल टाकलं की माझा नवरा वसंत आधी भिंती न्याहाळतो. यजमानांना वाटतं, पाहुण्यांना घर आवडलेलं दिसतंय.

मी मुळात फिरस्ती बाई नाही. तीस वर्षं नाशिकच्या एका पोस्टात काउंटरच्या आत बसले आणि जग काचेच्या भोकातून पाहिलं. निवृत्तीनंतर दोघांनी हिंडायचं असं ठरलं होतं, पण त्याआधीच माझ्या हृदयाने राजीनामा दिला. एकदम नाही, रीतसर नोटीस देऊन. आधी जिना चढताना धाप, मग सपाटीवर, मग बसल्या जागी. शेवटी दीड वर्षापूर्वी डॉक्टरांनी छाती उघडून हृदयाच्या टोकाला मुठीत मावेल एवढा पंप बसवला. हृदयाने ढकलायचं रक्त आता तो ढकलतो. त्याची वायर पोटातून बाहेर येते ती कमरेच्या कंट्रोलरला जोडलेली, आणि कंट्रोलर दोन बॅटऱ्यांना. बॅटऱ्या बारा तास पुरतात. घरात बसलेलं असताना बॅटऱ्या काढून भिंतीतल्या सॉकेटला लावायचं, म्हणजे मी टेबलफॅनसारखी एका जागी. साडीवर हा सगळा पसारा बसत नाही, म्हणून आता ड्रेस आणि वर खिशांचं जाकीट. पाण्यात उतरायचं नाही, मीठ बेतानं, रक्त पातळ ठेवायची गोळी रोज ठरल्या वेळी. आणि वसंतने माझ्यापासून दहा पावलांपलीकडे जायचं नाही. हा शेवटचा नियम डॉक्टरांचा नाही, त्याचा स्वतःचा आहे.

अशा बाईने प्रवास का केला, तर लीनासिस्टरचा फोन आला म्हणून. पंपवाल्या पेशंटांचं सगळं त्या बघतात. म्हणाल्या, "पेणजवळ हमरापूरला एक गृहस्थ आहेत, अनंतादादा. गणपतीचे डोळे आखतात. हृदय अगदी थकलंय. पंपाशिवाय वर्ष निघणं कठीण आहे. मोठ्या भावाने आणि एका ट्रस्टने खर्चाचं जमवलंय, पण ते स्वतःच नाही म्हणतायत. पंप बसवलेलं जिवंत माणूस त्यांना बघायचंय. जाल का?"

"पटवायचं कसं त्यांना?"

"पटवू नका. खरं ते सांगा."

मी हो म्हणाले आणि फोन ठेवला. खरं काय ते मला तरी कुठे ठाऊक होतं? मी थकले आहे, एवढं खरं होतं. असल्या भेटीत माणूस शेवटी एकच प्रश्न विचारतो: पुन्हा वेळ आली तर कराल का? वसंतने तो मला दीड वर्षात एकदाही विचारलेला नाही. आणि मीही स्वतःला विचारायचं टाळत आले होते.

रोहा

पहाटे निघायचं ठरवून साडेनऊला निघालो, कारण सगळ्या बॅटऱ्यांचे हिरवे दिवे लागल्याशिवाय वसंत गाडीची किल्लीच खिशातून काढत नाही. मधला रस्ता सांगत नाही. वडखळच्या पुढचा खड्ड्यांचा महामार्ग माझ्या पोटातल्या वायरीला जास्त नीट आठवत असेल.

मुक्काम रोह्याला, नझीरभाईंकडे. तरुणपणी वसंत आणि ते धाटावच्या एकाच कंपनीत एकाच शिफ्टला होते. पुढे नझीरभाई गल्फला गेले, वीस वर्षं इलेक्ट्रिशियनचं काम करून परत आले आणि कुंडलिका नदीपासून हाकेच्या अंतरावर घर बांधलं. पेणला हॉटेलं असताना आम्ही इतक्या पुढे का गेलो, तर त्यांच्या घरी इन्व्हर्टर आहे आणि जनरेटरही आहे. हल्ली आमचे नातेसंबंध असेच ठरतात.

गाडीतून उतरलो. नझीरभाईंनी वसंतला मिठी मारली आणि हाताला धरून थेट घरामागे नेलं. तिथे जमिनीत एक खड्डा होता, त्यातून तांब्याची पट्टी वर आलेली.

"वसंता, ही बघ आर्थिंग. परवा जुनी माती काढली, नवा कोळसा भरला, दोन पिशव्या खडं मीठ टाकलं. सकाळी चार बादल्या पाणी ओतलंय. तुझी बायको बिनघोर झोपंल."

उन्हाळा-हिवाळ्यात जमीन सुकली की आर्थिंग लागत नाही, म्हणून मीठ आणि पाणी. मला एवढं कळलं की या माणसाने माझ्यासाठी जमीन खारवली होती. त्यांची बायको रुखसानाभाबी तोवर दारातून ओरडलीच, "अरे, पाव्हणी उभी हाय उन्हात नि हा खड्डे दाखवतोय! ये गो बाय, आत ये. बस आधी."

वसंतने चार्जर लावला, दिवा हिरवा झाला, आणि त्याच्या खांद्यावरचं काहीतरी खाली उतरलेलं मला दिसलं. मग जेवण. तांदळाची भाकरी आणि जिताड्याचा रस्सा. जिताडा हा इथल्या खाडीचा मासा, आणि त्याच्यावर इथली माणसं जावयापेक्षा जास्त प्रेम करतात. माझ्या वाटणीचा रस्सा भाबीने मीठ घालायच्या आधीच वेगळा काढून ठेवला होता, वर आमसूल जरा जास्त टाकून. येताना पेणच्या अलीकडे मिठागरांच्या कडेने पांढरे ढीग पाहिले होते. त्या मुलखात अळणी जेवणारी मी एकटीच असेन. पण गेल्या दीड वर्षात इतकं चवीचं काही खाल्लं नव्हतं, आणि तसं मी भाबीला सांगितलं तर ती लाजली.

आमच्याकडे नाशिकला आजारी माणसाला भेटायला आलेला पाहुणा आधी आजार विचारतो, मग स्वतःच्या मेव्हण्याचा आजार सांगतो. इथे दोन दिवसांत मला कुणी "काय झालंय?" विचारलं नाही. "दमलीस?" एवढंच विचारायचे. त्याला उत्तर देणं सोपं होतं.

सकाळी मात्र भाबीने ड्रेसिंग पाहिलं. वायर पोटातून जिथे बाहेर येते तिथली जागा वसंत रोज साफ करतो. मास्क, हातमोजे, पट्टी, वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांत आम्ही बोलत नाही, बोलायचं नसतंच. भाबी चहा घेऊन दारात आली होती ती तिथेच थांबली.

"रोज?" तिने हळूच विचारलं.

"रोज," वसंत म्हणाला.

वसंत लेथ मशीनवर काम करायचा. त्याचे हात केसाएवढा फरक ओळखणारे. आता ते हात माझ्या पोटावर असतात आणि तो मला त्याच्या वयापेक्षा दहा वर्षांनी म्हातारा दिसतो. त्याच्याकडे पाहून मला दया येते आणि रागही येतो, दोन्ही एकदमच. कुणी असं सतत जपत असलं की माणसाला रागवायलाही जागा उरत नाही.

खांबची पोपटी

दुसऱ्या दिवशी दुपारी नझीरभाई जवळच्या खांब गावी त्यांच्या ओळखीच्या शेतावर घेऊन गेले. जानेवारीत रायगडात आलात आणि पोपटी खाल्ली नाहीत तर इथली माणसं तुम्हाला आलात असं धरतच नाहीत. मडक्यात तळाला भांबुर्डा नावाच्या रानझुडपाचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, मध्ये अंडी, ओवा, खडं मीठ, वर पुन्हा पाला. पाण्याचा थेंब नाही. मडकं शेतात उपडं ठेवायचं, भोवती काटक्या-पेंढा रचून पेटवायचं. अर्ध्या तासाने मडक्यावर पाणी शिंपडतात, ते चर्र करून उडून गेलं की झाली पोपटी.

हे सगळं मी लांबून पाहिलं. मडकं पेटल्याबरोबर वसंतने माझी खुर्ची उचलून पार बांधापलीकडे नेली. धूर, ठिणगी, बॅटरी.

"मी माणूस आहे की सिलिंडर?" मी म्हणाले. जरा मोठ्यानेच म्हणाले असेन, कारण नझीरभाई काटकी हातात घेऊन थांबले.

वसंत माझ्याशेजारी बांधावर बसला. म्हणाला, "तू हो म्हणालीस म्हणून आलो आपण. उद्या काय सांगणारेस त्या माणसाला?"

"खरं ते."

त्याने मान हलवली. खरं म्हणजे काय, हे त्याने विचारलं नाही. गवताची काडी घेऊन तिचे तुकडे करत बसला. नझीरभाईंनी मिठापासून लांब राहिलेलं मधलं अंडं आणि मोजक्या शेंगा पानावर आणून दिल्या. पाल्याचा वास अंड्याच्या आतपर्यंत गेला होता. मी खाल्लं, वसंतने काही घेतलं नाही.

हमरापूर

तिसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवरच हमरापूर करायचं होतं. कासूपाशी चहाला थांबलो, तिथेच तो फळीवरचा सॉकेट. वसंतने तो वाकून बघितला, दोन पिनांचा निघाला, आणि त्याने टपरीवाल्याकडे असं पाहिलं की बिचाऱ्याने विचारलं, "चहात काय पडलं काय, काका?"

हमरापुरात शिरलं की घर कुठलं आणि कारखाना कुठला हे कळत नाही. अंगणात, ओट्यावर, पत्र्याच्या शेडमध्ये, वाळत घातलेल्या कपड्यांच्या दोरीखाली, सगळीकडे गणपती. माघी गणपती जवळ आला होता, त्यामुळे अर्धे रंगलेले, अर्धे नुसते पांढरे. आमच्याकडे मूर्ती घरी आणताना तोंडावर रुमाल असतो आणि उंबऱ्यावर भाकरतुकडा ओवाळून आत घेतात. इथे एका गणपतीच्या मांडीवर मांजर झोपलं होतं. आणि रंगलेल्या मूर्तींनाही डोळे नव्हते. मुकुट, सोंड, नखं, जानवं सगळं जागच्या जागी, फक्त डोळ्यांच्या जागी कोरा पांढरा. डोळे सर्वांत शेवटी आखतात, आणि ते प्रत्येकाचं काम नाही.

ते ज्यांचं काम, ते अनंतादादा शेडच्या दाराशी खुर्चीत बसले होते. पन्नाशीचे, रुंद खांद्यांचे, पण गळ्याखाली सगळं ओसरलेलं. मी आधी त्यांचे पाय पाहिले. घोटे सुजून चपलेचा पट्टा रुतला होता. एक वाक्य, एक श्वास, असं बोलत होते. उशा रचून बसूनच झोपत असणार, मला सांगायची गरज नव्हती. मी तशीच होते.

"या ताय, या. लांबून आलाव." हे त्यांची बायको मंदावहिनी म्हणाली. काटक बाई, कोपरापर्यंत शेंदरी रंग. दिवाळीपासून दादांनी ब्रश हातात धरला नव्हता. डोळे आखायला बाहेरचा माणूस येत होता आणि त्याचं नाव काढलं की दादा तोंड फिरवत होते. बाकी सगळा कारखाना वहिनीच ओढत होती.

वसंतची नजर एव्हाना भिंतींवरून फिरून आली होती. रंगकामाच्या शेडमध्ये तीन पिनांचा सॉकेट होता. त्याने टेस्टर लावून पाहिला, आर्थिंग तपासलं, आणि समाधानाने मला भिंतीला लावून टाकलं. बॅटऱ्या पिशवीत गेल्या. बॅटरी वाचवण्यात त्याला काय सुख मिळतं कुणास ठाऊक. मी वायरीच्या टप्प्यात स्टुलावर बसले. बाजूला रंगाच्या गनचा कॉम्प्रेसर धडधडत होता, वर पंखा, कोपऱ्यात रेडिओ.

दादांनी फार वेळ काढला नाही. म्हणाले, "ताय, हात द्या."

मी मनगट पुढे केलं. त्यांनी तीन बोटं ठेवली, सरकवली, पुन्हा ठेवली. दुसरं मनगट वहिनीने धरलं आणि लगेच सोडलं, चटका बसल्यासारखं.

"नाय लागत गो नाडी," ती म्हणाली. "आवो, ताय बोलतंय, हसतंय, नि नाडी नाय!"

"पंप सलग फिरतो," मी सांगितलं. "ठोके देत नाही. आत हृदय आपलं थोडंफार हलत असतं, पण हाताला लागत नाही. ब्लडप्रेशरचं मशीनसुद्धा माझ्यापुढे हात टेकतं."

दादांनी मान हलवली. "मंग मना नको ता यंत्र."

मी बऱ्याच कारणांची तयारी करून गेले होते. ऑपरेशनची भीती, इन्फेक्शन, वायर, बायकोवर पडणारा भार. दादांचं कारण यातलं एकही नव्हतं.

"पस्तीस वर्सं मी ठोक्यावर आखतो," ते म्हणाले. थांबले, श्वास घेतला. "श्वास धरायचा. छातीत ठोका पडला का हात हलतो, थोडा, पन हलतो. म्हनून एक ठोका झाला, का दुसरा पडायच्या आत पापनीची रेघ ओढायची. माझ्या बापानं असंच शिकवलं. आता ठोकं वेडंवाकडं पडतान, म्हनून रेघ बिघडते. ता समजतंय. पन ठोकाच नसंल तं रेघ कवा ओढायची, ताय? मी जगून करू काय?"

पोस्टात असा प्रश्न आला की आम्ही पुढच्या खिडकीकडे बोट दाखवायचो. इथे पुढची खिडकी नव्हती.

"निस्तं बोलून कलायचं नाय," दादा म्हणाले. "मंदे, ती लहान मूर्ती दे. नि ब्रश."

"नको वो. धाप लागंल."

"दे गो. पाव्हनी आलीत."

खरं तर ती पण वाटच पाहत असावी, कारण लगेच उठली. वीतभर उंचीची मूर्ती दादांच्या समोरच्या पाटावर ठेवली, खिडकीचा उजेड नीट पडेल अशी फिरवली. डोळे दिवसाच्या उजेडातच आखतात. दादांनी बारीक ब्रश काळ्या रंगात बुडवून अंगठ्याच्या नखावर टोक काढलं. त्यांचा चेहरा बदलला. सुजलेल्या पायांचा, धापा टाकणारा माणूस खुर्चीत राहिला आणि हात कुणा दुसऱ्याचा असावा तसा पुढे गेला. वहिनी भिंतीजवळ गेली.

आता हे मला नंतर कळलं. डोळे आखताना शेडमध्ये काही म्हणजे काही चालू ठेवायचं नाही अशी त्यांची रीत आहे. कॉम्प्रेसरने जमीन थरथरते, पंख्याने केस उडतो, रेडिओने मन उडतं. एकेक बंद करत कोण बसणार, म्हणून थेट मेन स्विच पाडायचा. ब्रश मूर्तीला टेकणं आणि खटका पडणं हे एकाच क्षणी. पस्तीस वर्षांची जोडी, सांगावं लागत नव्हतं. वहिनीने सवयीने हात वर केला आणि मेन बंद केला.

आणि माझ्या कमरेवरचा कंट्रोलर किंचाळला.

तो आवाज मी आजवर घरात दोनदाच ऐकलाय आणि दोन्ही वेळा शेजारी धावत आलेत. दादांचा हात उडाला. पापणीची रेघ कपाळावरून थेट मुकुटापर्यंत गेली. वहिनी भिंतीला चिकटून उभी, तोंडावर हात. वसंतने पिशवीवर झडप घातली. कंट्रोलरच्या पोटात पंधरा मिनिटं पुरेल एवढी राखीव वीज असते, हे मला माहीत आहे, वसंतला तर तोंडपाठ आहे. पण त्याचे हात कापत होते. लेथवरचे, केसाएवढ्या फरकाचे ते हात. चेन अडकली, ती ओढताना एक बॅटरी निसटून रंगाच्या डब्यांमध्ये गेली.

दुसरी मी त्याच्या हातातून घेतली. एक वायर भिंतीच्या बाजूने सोडवली, बॅटरीला लावली, खट्ट झालं का ऐकलं. दोन्ही वायरी एकदम कधीही काढायच्या नाहीत. मग डब्यांमधून ती पडलेली बॅटरी काढली, जाकिटाला पुसली, दुसरी वायर सोडवली, लावली. खट्ट. आवाज थांबला.

शेडमध्ये इतकी शांतता झाली की बाहेरचं मांजर ऐकू आलं असतं. मी स्टुलावर बसले. वहिनी रडायला लागली.

"मी मारली असती तुमाला, ताय. माज्या हातानं."

"नाही गं वहिनी. पंधरा मिनिटं होती."

"ता मना काय म्हाईत!"

दादा ब्रश तसाच हातात धरून माझ्याकडे पाहत होते. बिघडलेल्या मूर्तीकडे त्यांचं लक्षही नव्हतं. मग त्यांनी विचारलंच.

"ताय, खरं सांगा. परत तीच येळ आली, तं बसवाल हा पंप?"

वसंत खाली वाकून पिशवीची चेन लावत होता. त्याचा हात थांबला. तो वर पाहणार नाही हे मला माहीत होतं.

"दादा," मी म्हणाले, "आज सकाळी विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं, मला माहीत नाही. मी दमलेय. झोपताना वायर, उठताना वायर. या माणसाला दीड वर्षात एक दिवस सुट्टी नाही. कितीदा वाटतं, पुरे झालं. खरंच वाटतं. पण आत्ता बघितलंत ना तुम्ही? तो आवाज झाला तेव्हा पुरे की नको, असं मी काही ठरवलं नाही. हात गेले. माझे हात मला विचारायला थांबलेच नाहीत. म्हणजे बसवेन मी. पुन्हा बसवेन."

हे माझ्याच तोंडून ऐकलं तेव्हा मलाही पहिल्यांदाच कळलं. आणि मी रडले, परक्याच्या घरात, शंभर गणपतींसमोर. वसंत चेनशी खटपट करत राहिला. ती केव्हाच लागली होती.

दादांनी ब्रशचं टोक नखावर पुसलं. मग पुटपुटले, "पन ठोका नसंल तं रेघ कवा ओढू?"

"कवा पन ओढा!" वहिनी पदराने डोळे पुसत एकदम ओरडली. तिला आता राग आला होता. "ठोक्याची वाट बगायला नको, का काय नको! कवा पन ओढा! कोन आडवतंय तुमाला?"

दादा तिच्याकडे बघतच राहिले. आणि मग हसायला लागले. हसता हसता धाप लागली, धाप लागली तरी हसत होते, वहिनी पाठ चोळत होती आणि शिव्या देत होती. हसू ओसरल्यावर त्यांनी ओलं फडकं मागितलं, मूर्तीच्या कपाळावरची रेघ टिपून घेतली. मग मान वळवून भिंतीवरच्या खटक्याकडे पाहिलं.

"मंदे, मंग आखनीच्या येळंला मेन बंद नाय करायचा आता. पंखा येगला बंद करायचा, नि कॉम्प्रेसर येगला."

"व्हय," वहिनी सवयीने म्हणाली. मग तिचा पाठीवरचा हात थांबला.

परत

पेणला पापड घेतले, माझ्यासाठी नाही, शेजारच्या बाईंसाठी. पोह्याचे, उडदाचे, मिरगुंडं. ती पुडी मांडीवर घेऊन मी बसले होते. पनवेल मागे पडलं.

"हात कापले माझे," तो म्हणाला.

"तू दमलायस, वसंत."

"हं." गाडी थोडी पुढे गेल्यावर म्हणाला, "तुला कधीकधी पुरे वाटतं, हे मला माहीत होतं."

"मग विचारलं का नाहीस कधी?"

"तू खरं सांगितलं असतंस."

मी त्याच्या गिअरवरच्या हातावर हात ठेवला. आता आठवड्यातून एक दिवस ड्रेसिंगला माझी बहीण येते, लीनासिस्टरांनी तिला शिकवलं. पहिल्या दिवशी वसंतला त्या वीस मिनिटांत करायला काही सुचेना, म्हणून तो दाराबाहेर येरझाऱ्या घालत होता. दुसऱ्या खेपेला बाजारात गेला आणि तासाभराने आला. दहा पावलांचा नियम एवढा तरी ढिला झाला.

थकवा गेला असं मी लिहिणार नाही. जिना अजून दोनदा थांबून चढते.

काल मंदावहिनीने फोटो पाठवला. उद्या दादांना पंपासाठी हॉस्पिटलात दाखल करायचंय. फोटो त्यांच्या शेडमधल्या स्विचबोर्डाचा आहे. मेनभोवतीची भिंत पांढरी रंगवून घेतली आहे आणि त्यावर काळ्या रंगात, बारीक ब्रशने, जवळ जाऊन वाचावंसं वाटेल अशा वळणदार अक्षरांत लिहिलंय: 'हा खटका बंद करू नये.' आणि अक्षरांखाली दोन डोळे. डावा अगदी नेमका. उजव्याच्या पापणीची रेघ मध्ये एका ठिकाणी थरथरली आहे, तिथे ठोका चुकला असणार.

मी फोन वसंतकडे दिला. त्याने चष्मा लावला, दोन बोटांनी फोटो मोठा केला, आणि इतका वेळ बघत राहिला की मला वाटलं, डोळे बघतोय.

"शेजारी नवा सॉकेट बसवलाय त्यांनी," तो म्हणाला. "तीन पिनांचा."